भांडं रिकामं जाऊ द्यायचं नाही

माझ्या आईच्या जेवणाबद्दल कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणारे बहुतेक नातेवाईक असतात. लग्नात नाहीतर बाराव्याला भेटतात आणि तोंडातला घास घोळवत म्हणतात, "आईंच्या जेवणाखाण्याचं काय केलंय मग?" जणू मी म्हैस पाळली आहे आणि तिच्या वैरणीची सोय कुठून होते हे त्यांना बघायचं आहे. मी "सगळं व्यवस्थित आहे" म्हणते आणि पुढे सरकते. व्यवस्थित हा शब्द मला आता ऐकवत नाही, पण दुसरा सुचत नाही म्हणून तोच वापरते.

आई डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या मागे, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. लिफ्ट नाही. वय त्र्याऐंशी, गुडघे गेलेले, डायबेटीस, एका डोळ्यात मोतीबिंदू. जीभ मात्र शाबूत. मी पश्चिमेला राहते आणि ठाण्याला नोकरी करते. धाकटा भाऊ घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहतो. आई आमच्यापैकी कोणाकडेच यायला तयार नाही. माझ्याकडे येत नाही, कारण लेकीच्या घरी किती दिवस राहणार. भावाकडे येत नाही, कारण त्याच्या गॅलरीतून खाली बघितलं की तिला गरगरतं. भावाला हे गरगरणं फार सोयीचं पडलं. "अगं ताई, मी तर कधीचा बोलावतोय, तीच येत नाही," हे वाक्य त्याने इतक्या जणांना ऐकवलंय की आता त्याचं त्यालाही ते खरं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात आईने दूध गॅसवर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसली. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस सुरूच राहिला. आमच्या भागात कसलाही वास आला की लोक कारखान्यांच्या नावाने बोटं मोडतात आणि खिडक्या लावून घेतात. चौथ्या मजल्यावरच्या बाई मात्र जिना उतरून आल्या, म्हणून आई वाचली. हे त्यांचे उपकार मी नाकारत नाही. पुढे त्यांच्याबद्दल मी जे बोलणार आहे ते ऐकताना हेही लक्षात असू द्यावं.

मी त्याच आठवड्यात सिलिंडर काढून नेला आणि शेगडी माळ्यावर टाकली. आई म्हणाली, "चहापुरती तरी ठेव." मी विजेची किटली आणून दिली. पंधरा दिवसांनी तिने काकडी चोचवताना विळीवर बोट कापून घेतलं, तेव्हा मी विळी नेली, सुरी नेली, किसणीसुद्धा नेली. मग डॉक्टरांनी रिपोर्ट बघून तोंड वाकडं केलं, तर साखरेचा डबा, गूळ, खजूर, भावाने कौतुकाने आणलेली बिस्किटं, सगळं पिशवीत भरलं आणि घरी घेऊन आले. फार कर्तबगार मुलगी आहे मी. स्वयंपाकघर इतकं सुरक्षित करून टाकलं की आईला तिथे पाणी पिण्यापलीकडे काही करता येईना.

जेवणाची सोय शेजारणींनीच सुचवली. वरच्या बाई म्हणाल्या, "एका माणसाचं ते काय असतं हो? आमच्यात होऊन जाईल." समोरच्या दारात वसईकडची एक ख्रिस्ती बाई राहते. माझ्याहून वयाने थोडी लहान, आवाज मोठा, हात सढळ. तीही म्हणाली, "मावशीचं टेन्शन तुम्ही घेऊ नका, मी हाय ना समोर." मग भावाने ठाण्यात बसून वेळापत्रक बनवलं. सोमवार-गुरुवार वरच्या बाई, मंगळवार-शुक्रवार समोरची, बुधवार-शनिवार मी, रविवार तो. प्रत्येकाला वेगळा रंग. व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला आणि त्याला नाव दिलं 'मॉम्स मील्स'. आईला आमच्या घरात आजवर कोणी मॉम म्हटलेलं नाही.

त्याचा रविवार म्हणजे काय, तर सोफ्यावर आडवं पडून मोबाइलवरून ऑर्डर करायची. जेवण घेऊन येणारा माणूस आईला फोन करून हिंदीत लोकेशन विचारायचा. आई त्याला शुद्ध मराठीत सांगायची की मी घरातच आहे, आपण कुठे आहात? शेवटी समोरची खाली उतरून ते पार्सल घेऊन यायची. त्यात लाल रश्शात बुडालेलं पनीर आणि वातड रोट्या. कवळी लावणाऱ्या बाईला रोटी! आई त्या रात्री दूध-पोळी कुस्करून खायची, आणि ग्रुपवर भाऊ जेवणाच्या वाफाळत्या फोटोखाली लिहायचा, 'आईची आज पार्टी.'

तरी पहिला महिनाभर मी खूष होते. बुधवारी आणि शनिवारी सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी डबा ठेवायचे, आदल्या खेपेचं माझं भांडं उचलायचे आणि पळायचे. रोज संध्याकाळी फोनवर विचारायचे, "जेवलीस?" ती म्हणायची, "जेवले." आणखी काय विचारायचं असतं हे मला सुचायचं नाही.

मग आई वाळायला लागली. आधी ब्लाउज ढगळ झाले. मग पाटल्या मनगटावरून सुटून कोपरापर्यंत जायला लागल्या. मी तिच्यावर ओरडले, "नाटकं करतेस का? ताटातलं टाकून देतेस का?" ती म्हणाली, "मी अन्न टाकीन?" आणि तोंड फिरवून बसली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, कल्याणला पाठवून सोनोग्राफी केली. टॅक्सीत बसताना तिला उचलावं लागलं आणि ती इतकी हलकी लागली की मी घाबरले. सगळे रिपोर्ट ठीक आले. डॉक्टर म्हणाले, "खाणं वाढवा." वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या महिन्यात ॲडमिट करू, हेही म्हणाले.

आता सगळ्यांच्या सल्ल्यांना ऊत आला. भावाने म्हातारपणातल्या डिप्रेशनवर चार लिंक पाठवल्या आणि प्रोटीन पावडरचा एक डबा. वरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून गोड आवाजात विचारलं, "तुमच्या वारी काकूंना पोटभर मिळतं ना? नाही, तुमची सकाळची घाई असते म्हणून म्हटलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पहाटे उठून पोळ्या लाटते, आणि ही मला विचारते? मी म्हटलं, "माझ्या दोन दिवसांचं मी बघते, तुम्ही तुमच्या दोन दिवसांचं बघा." त्यांनी डोळे मोठे केले आणि वर निघून गेल्या. खरं सांगायचं तर मला त्यांचाच संशय होता. असली माणसं वाटीत भाजी कमी आणि उपकार जास्त घालतात. आमच्या दोघींचं एकमेकींबद्दल एकच मत होतं आणि दोघींचंही चुकीचं होतं.

त्या गुरुवारी मला सुट्टी होती. न सांगता आईकडे गेले, म्हणजे तिच्या ताटात काय पडतं ते डोळ्यांनी बघता येईल. समोरचीचं दार उघडं होतं. ती उंबऱ्याशी बसून कोथिंबीर निवडत होती. मला बघून म्हणाली, "ताई, मावशीचा हात काय आहे अजून! काल डाळिंब्यांची उसळ दिली मला. या वयात एवढे वाल सोलले म्हणजे बघा."

मी म्हटलं, "कुठल्या शेगडीवर केली?"

"मला वाटलं तुम्ही परत आणून दिली शेगडी. सारखं काय ना काय देतात."

मी म्हटलं, उरली असेल तर दाखव. तिने वाटी आणली. मला चव घ्यायचीही गरज नव्हती. निम्म्या डाळिंब्या मोडलेल्या होत्या. मंगळवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मी घाईघाईत वाल सोलले होते, आणि घाईत सोलले की माझ्या डाळिंब्या मोडतात. आईच्या हातून एक मोडत नाही. तरी मी चमचाभर तोंडात घातली. माझीच उसळ, माझंच आमसूल, माझंच जरा जास्त झालेलं मीठ.

मी आईच्या घरात शिरले. दार लावायचं भान राहिलं नाही. ती खुर्चीत बसून पेपर चाळत होती.

"काल उसळ खाल्लीस?"

"खाल्ली की."

"किती?"

"पोटभर."

"मग समोर कशी पोचली ती?"

तिने पेपरची घडी घातली. ती घडी घालायला तिला बराच वेळ लागला. मग म्हणाली, "त्यांचं भांडं आलं होतं ना."

"आलं होतं मग?"

"मग काय? रिकामं परत द्यायचं? उभ्या जन्मात मी कोणाचं भांडं रिकामं परत दिलेलं नाही. आता दुसऱ्याचं खाते तर द्यायला लागू?"

"अगं, मग चमचाभर साखर घालायची आत! सगळं जग घालतं!"

"साखर कुठे ठेवलीस तू?" आई म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. खाली बसून तिचा हात हातात घ्यायला हवा होता. एखाद्या बऱ्या मुलीने तेच केलं असतं. मी ते केलं नाही. मला जेव्हा माझी चूक कळते तेव्हा माझा आवाज आणखी चढतो, हा माझा जुना रोग आहे. मी एकेक करत तिच्याकडून वदवून घेतलं. एकाकडून आलेली भाजी ती दुसऱ्याच्या धुतलेल्या भांड्यात भरायची, वर कोथिंबीर नाहीतर दाण्याचं कूट भुरभुरायची, आणि काठी टेकत नेऊन द्यायची. वर जायचं असेल तर जिन्याच्या वीसेक पायऱ्या, प्रत्येक पायरीवर थांबून. माझी उसळ समोर, समोरचीची भाजी वर, वरच्यांची पुन्हा समोर. समोरचीने मासळी दिली असेल त्या खेपेला वर माझं काहीतरी जायचं, हे तिने पथ्यासारखं पाळलं होतं. तिच्या स्वतःच्या पोटात जायची पोळी, थोडा भात आणि दूध. आणि या जेवणावर ती तीन महिने सगळ्यांना सांगत होती की जेवले.

"मेली असतीस ना तू!" मी ओरडले. "समोरचीची भाजी वरच्यांना आणि माझी हिला! आख्ख्या बिल्डिंगला फसवतेस? आणि बोलणी मी खाते!"

तेव्हा मला आईची नजर माझ्या मागे गेलेली दिसली. गुरुवार होता. वरच्या बाई आपला डबा घेऊन दारात उभ्या होत्या.

"समोरच्यांकडची?" त्या म्हणाल्या. "म्हणजे ती भरली वांगी? आणि तो दुधी, चण्याची डाळ घातलेला? मी कृती विचारली होती काकू तुम्हाला."

आई म्हणाली, "भाज्याच होत्या हो सगळ्या. तेवढं मी बघत होते."

"भाज्या असतील. पण त्यांच्या त्याच कढईत काय काय शिजतं हे तुम्हाला माहीत नाही का? आमच्याकडे देवाचं असतं. मी त्यातला नैवेद्य दाखवलेला आहे एकदा. निदान सांगायचंत."

समोरची तिच्या उंबऱ्यावरून उठून उभी राहिली होती. हातात कोथिंबीर तशीच. तिला सगळं ऐकू जात होतं आणि वरच्या बाईंना ते माहीत होतं.

आईने हात जोडले. त्र्याऐंशी वर्षांची बाई, आपल्या लेकीच्या वयाच्या बाईसमोर, खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत हात जोडून म्हणाली, "चुकले हो मी."

आईचे ते जोडलेले हात बघून माझं उरलंसुरलं भान सुटलं. मी वरच्या बाईंना म्हटलं, "तीन महिने बोटं चाटून खाल्लंत, तेव्हा देवाला काही कळलं नाही. आज तुम्हाला बरं कळलं!" आणखीही बोलले. त्यांचं गॅसच्या वेळी धावून येणं, सोमवार-गुरुवारचा डबा, काहीही माझ्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी आणलेला डबा टेबलावर ठेवला नाही. तो तसाच घेऊन त्या वर गेल्या.

मग समोरची आत आली. माझ्याकडे बघितलं नाही. आईला म्हणाली, "मावशी, तुमच्यावर राग नाय माझा. पण माझा एक डबा आहे तुमच्याकडे, शुक्रवारचा. तेवढा द्या. मला कोणाच्या देवाच्या मध्ये नाय यायचं."

तो डबा ओट्यावर घासून, पुसून उपडा ठेवलेला होता. त्यात घालण्याजोगं आईला अजून काही मिळालं नव्हतं. ती काठी टेकत ओट्यापर्यंत गेली, डबा उचलला आणि क्षणभर घरात इकडेतिकडे बघितलं. किटली होती, पाण्याची कळशी होती, भावाची प्रोटीन पावडर होती. मग तिने तो डबा रिकामाच समोरचीच्या हातात दिला. समोरचं दार लागलं.

त्याच संध्याकाळी मी जाऊन पाव किलो साखर आणली आणि आईच्या फळीवर ठेवली. आईने ती पुडी बघितली आणि विचारलं, "आता कोणाला देऊ?" मला राग आला. तिच्यावर नाही, पण निघाला तिच्यावरच. मी पुडी तिथेच टाकून घरी गेले.

भावाचा फोन आला. वरच्या बाईंनी ग्रुप सोडल्याचं त्याला दिसलं होतं. म्हणाला, "ताई, तू जरा शांतपणे घेतलं असतंस तर..." मी त्याला काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण तो चिडला नाही. चिडायला माणूस जवळ असावा लागतो. त्याने दोन दिवसांत नवीन सोय शोधून काढली. ठाण्यात कुठेतरी मोठं किचन आहे, ते फक्त ज्येष्ठांसाठी डबे बनवतं. कमी तेल, कमी मीठ, मऊ पोळ्या, डायबेटीसचं वेगळं. रोज दुपारी एक माणूस पिशवी आईच्या दाराच्या कडीला अडकवून जातो. बेलही वाजवत नाही. सगळं प्लास्टिकच्या डब्यांत, खाऊन फेकून द्यायचं. काही परत द्यायचं नाही, हे भावाने मला दोनदा समजावून सांगितलं. त्याच्या दृष्टीने प्रश्न तेवढाच होता आणि त्याने तो सोडवला होता. राग याचा येतो की त्यात खोट काढायला जागा नाही. ग्रुपही त्याने काढून टाकला, कारण त्याची गरज उरली नव्हती.

आणि आई खायला लागली. सगळं खाते. पोळी, भाजी, वरण, भात, काही ठेवत नाही. दोन महिन्यांत पाटल्या पुन्हा मनगटावर बसल्या. डॉक्टर म्हणाले, "छान! असंच चालू ठेवा." वजनाच्या काट्याचा फोटो भावाला पाठवला तर त्याने अंगठा पाठवला.

वरच्या बाई जिन्यात दिसल्या की भिंतीकडे बघतात, मी कठड्याकडे बघते. समोरची मला बघून मान हलवते, पण दार आता बंद असतं. तिची माफी मागायला हवी, हे मला कळतं. तिच्या कढईचा उद्धार चालला होता तेव्हा मी भांडले ते माझ्या आईसाठी, तिच्यासाठी एक शब्द काढला नाही. दोनदा बेलपर्यंत बोट नेलं आणि परत फिरले. आईचं दार पूर्वी दिवसातून दोनदा कोणीतरी वाजवायचं, तिलाही काठी घेऊन कोणाकडे तरी जायचं असायचं. आता ती जिना चढत नाही. पडायची भीती गेली, असं भाऊ म्हणतो.

परवाच्या रविवारी मी तिच्याकडे होते. तिने कडीवरची पिशवी काढली, डबे उघडून ताटात वाढून घेतलं आणि जेवायला बसली. मी समोर बसून बघत होते. पालकाची भाजी होती, डाळ घालून केलेली. दिसत तरी बरी होती. ती मन लावून खात होती. मला वाटलं, चला, एवढं तरी साधलं.

मी विचारलं, "कशी आहे गं भाजी?"

"कोणी केलीय?" तिने विचारलं.

"ते किचन आहे ना, तिथे करतात."

"पण कोण? बाई आहे की आचारी? कुठली आहे?"

"मला नाही माहीत, आई. कोणाला माहीत असणार? चांगली आहे की नाही तेवढं सांग."

तिने शेवटचा घास ताट पुसून घेतला, सावकाश चावला, गिळला.

"कोणाला सांगू?" ती म्हणाली. मग उठली, तो डबा न धुताच कचऱ्यात टाकला आणि हात धुवायला आत गेली.